दोन गाई गाभडल्या, आता सगळ्या गोठ्याचं रक्त तपासायचं का?

सिन्नर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"डॉक्टर, आमच्याकडे अकरा संकरित गाई, तीन कालवडी, पाच महिन्यांची एक वासरी, एक गोऱ्हा आणि सासूबाईंच्या चार शेळ्या आहेत. दिवाळीनंतर बाजारातून एक पहिलारू गाय आणली, ती सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना म्हणून माझ्या मालकांनी हाताने ओढून काढली आणि उकिरड्यावर टाकली. महिन्याभराने तिच्या शेजारच्या दावणीची गाय आठव्या महिन्यात गाभडली. दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, ब्रुसेल्ला असू शकतो, सगळ्या जनावरांचं रक्त तपासून घ्या. सासरे म्हणतात, तपासलं की गावभर होईल, डेअरी दूध बंद करील, त्यापेक्षा दोन्ही गाईंना बाजार दाखवा आणि मोकळे व्हा. ज्या गाई चांगल्या आहेत त्यांना कशाला टोचायचं, असंही त्यांचं म्हणणं. सापडल्या तर सरकार गाई नेईल का? आणखी एक गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे. कालवडींना लस द्यावी का? मालकांना पाच आठवडे ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. टायफॉइडचं औषध दोनदा झालं. धाकटी जाऊ चार महिन्यांची गरोदर आहे, शेण तीच काढते. माझ्या मुलाला आजोबा रोज धारोष्ण दूध देतात. सहा घरी आमचा रतीब आहे."

ताई,

तुम्ही गोठ्याबद्दल विचारलंय, पण मी आधी तुमच्या मालकांबद्दल बोलणार आहे. पाच आठवडे चढता-उतरता ताप, रात्रीचा घाम, कंबरदुखी, आणि त्याआधी उघड्या हाताने ओढलेली वार. हे सगळं एकाच माणसाच्या बाबतीत आलं असेल तर टायफॉइडच्या औषधाचा तिसरा कोर्स सुरू करायचा नाही. ब्रुसेल्ला हा गाई-शेळ्यांना गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसालाही लागणारा जंतू. त्याच्यामुळे गाय गाभडली असेल तर तिच्या वारेत, पडलेल्या गर्भात आणि मागाहून जाणाऱ्या स्रावात हे जंतू अब्जावधींच्या संख्येने असतात. हाताला बारीकशी चीर असली तरी त्यांना तेवढी वाट पुरते, आणि शेतकऱ्याच्या हाताला चिरा असतातच. लागण झाल्यावर ताप यायला कधी आठवडा-दोन आठवडे लागतात, कधी दोन महिनेही. म्हणून 'वार काढून तर कितीतरी दिवस झाले' असा हिशेब करून शंका सोडून देऊ नका.

त्यांना नाशिकला जिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या एमडी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि विचारण्याची वाट न बघता सांगा: "आमच्या गोठ्यात दोन गाई गाभडल्या, यांनी वार हाताने काढली, घरात कच्चं दूध पितात." तापाच्या रुग्णांच्या गर्दीत कुणाचा गोठा आहे आणि गोठ्यात काय झालं, हे विचारायला वेळ नसतो. टायफॉइडसाठीची विडाल ही रक्ततपासणी केली जाते, ती थोडीफार वाढलेली दिसते आणि औषध सुरू होतं. ब्रुसेल्लाची तपासणी मुद्दाम लिहून दिली तरच होते. रक्ताचं कल्चर लावणार असतील तर लॅबलाही हा संशय कळू द्या. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे कल्चर जास्त दिवस ठेवावं लागतं; शिवाय ते हाताळणाऱ्या लॅबच्या माणसांनाही त्याची लागण होऊ शकते, आधी कळलं तर त्यांना जपून काम करता येतं.

निदान पक्कं झालं तर घाबरू नका, हा आजार बरा होतो. दोन प्रतिजैविकं एकत्र, साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. घोटाळा मध्येच होतो. दहा-पंधरा दिवसांत ताप उतरतो, तोंडाला चव येते, माणूस मळ्यात जायला लागतो आणि गोळ्या फळीवर राहून जातात. मग काही आठवड्यांनी ताप परत येतो, आणि तोवर जंतू मणक्यात, सांध्यांत, अंडकोषात, क्वचित हृदयाच्या झडपेवरही जाऊन बसलेला असतो. कांद्याची काढणी असो की आणखी काही, सहा आठवडे पुरे करून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवा.

जाऊबाईंना आजपासून गोठ्यात पाठवू नका. गरोदरपणात ही लागण झाली तर गर्भपाताची भीती असते आणि नेहमीच्या औषधांपैकी डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला देत नाहीत. त्यांचं रक्त तपासून घ्या, आणि नाव जिथे घातलंय त्या डॉक्टरांना गोठ्याची हकीकत सांगा. धारा काढणारे, गाभडलेल्या गाईजवळ गेलेले, कच्चं दूध पिणारे, तुमच्या मुलासकट सगळ्यांचं एकदा तपासून होऊ द्या. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा जात नाही. मालकांचं ताट-अंथरूण वेगळं करण्याची गरज नाही, आणि तसं केलं तर घरात उगाच वेगळीच भीती शिरेल.

आता गोठा. सगळ्या गोठ्याचं रक्त तपासा, शेळ्यांसकट. दवाखान्याचे डॉक्टर योग्य तेच सांगताहेत.

गाय गाभडण्याची कारणं पुष्कळ असतात. लेप्टोस्पायरा हा दुसरा एक जंतू, आयबीआर हा विषाणूचा आजार, बुरशी लागलेला चारा, अंगात कडक ताप, लम्पीची साथ, कशानेही गर्भ पडू शकतो. पण तुमच्याकडे घडलंय ते क्रमाने बघा. बाजारातून आणलेली गाय, सहाव्या महिन्यानंतर पडलेला गर्भ, अडकलेली वार, आणि महिन्याभराने नेमकी शेजारच्या दावणीची गाय. सांसर्गिक गर्भपाताची चाल अशीच असते. पहिल्या गाईचा स्राव गव्हाणीत, गवतावर, पाण्यात पडतो, शेजारची गाय तो चाटते, तिच्या पोटात जंतू जातात. गाभण पिशवीत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, तिच्यावर हा जंतू भराभर वाढतो. म्हणून गाभण गाईतच त्याचं रूप उघड होतं आणि तेही शेवटच्या महिन्यांत. तरीही हा माझा अंदाज झाला. निदान रक्तावरूनच व्हायला हवं, कारण दुसरं काही निघालं तर उपायही दुसरा असेल.

सासऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाही. चांगल्या दिसणाऱ्या गाईंना का टोचायचं? कारण या आजारात चांगली दिसणारी गायच फसवते. लागण झालेली गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला ती पुरे दिवस भरून वासरू देते, मालकाला वाटतं, सुटली. जंतू मात्र तिच्या कासेत आणि गाठींत राहतो, दुधातून अधूनमधून बाहेर पडतो आणि प्रत्येक वेताच्या वेळी वारेबरोबर गोठाभर पसरतो. गाय चरते, रवंथ करते, फॅट नीट लागते. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक याच आजाराच्या तापाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळत होते. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये जंतू शोधला, त्याच्यावरूनच ब्रुसेल्ला हे नाव आलं. पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरांनी तिथल्या शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. शेळ्या अगदी धडधाकट दिसत होत्या म्हणून तोवर कुणाचा त्यांच्यावर संशयच गेला नव्हता. सैनिकांना त्यांचं कच्चं दूध देणं थांबवलं आणि ताप झपाट्याने कमी झाला. सासूबाईंच्या शेळ्या यादीत घालायला सांगतोय ते याचसाठी. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेल्ला मेलिटेन्सिस हा माणसाला गाईच्या जंतूपेक्षा जास्त त्रास देतो.

तुमच्याकडे कांदा चाळीत भरत असाल. चाळीत वास यायला लागला की वरचे दोन सडके कांदे काढून कुणी थांबत नाही, सगळी चाळ फोडून निवडावी लागते. सासऱ्यांना एवढं सांगा, त्यांना पटेल.

तपासणी कशी होते ते माहीत असलं तर भीती निम्मी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक तपासणी दुधाची, मिल्क रिंग टेस्ट. परीक्षानळीत थोडं दूध घेऊन त्यात निळ्या रंगाने रंगवलेल्या मृत ब्रुसेल्ला जंतूंचा द्राव थेंबभर घालतात, हलवतात आणि ३७ अंशांवर तासभर ठेवतात. दुधात या आजाराविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील तर ते रंगीत जंतू स्निग्धांशाच्या कणांबरोबर वर येतात. साईच्या जागी निळी कडी दिसते आणि खालचं दूध पांढरं राहतं. नसतील तर उलट, दूध निळसर आणि साय पांढरी. एका कॅनमधल्या एकत्र दुधावरून गोठ्याचा अंदाज येतो, हा तिचा मोठा फायदा. पण कासदाह झालेली गाय, नुकती व्यालेली चिकावरची गाय किंवा आटत आलेली गाय असली तर कडी उगाचही येते. भाकड गाई आणि कालवडी त्यात येतच नाहीत, आणि शेळीच्या दुधाला ही तपासणी चालत नाही. म्हणून तुमच्यासारख्या गोठ्यात, जिथे दोन गाई गाभडल्याच आहेत, नुसत्या दुधावर थांबू नका.

दुसरी रक्ताची. डॉक्टर मानेच्या शिरेतून थोडं रक्त साध्या नळीत घेतात, त्यात ते गोठू नये म्हणून काही घातलेलं नसतं. गोठल्यावर वर जो पिवळसर पाणीदार भाग येतो तो सीरम. पांढऱ्या टाइलवर सीरमचा एक थेंब, शेजारी रोझ बेंगॉल या गुलाबी रंगाच्या द्रावाचा तेवढाच थेंब. काडीने मिसळायचं आणि टाइल चार मिनिटं हलवत राहायचं. जंतूशी संबंध आलेला नसेल तर गुलाबी रंग शेवटपर्यंत सलग राहतो. आलेला असेल तर रंग फाटतो, बारीक कण सुटे होऊन कडेला जमायला लागतात. नोकरीत असताना मी हे शेतकऱ्याला शेजारी उभं करून दाखवत असे. ती चार मिनिटं स्वतः बघितलेला माणूस पुढे रिपोर्टवर वाद घालत नाही. तुमच्या सासऱ्यांनाही बघायला मिळतं का, डॉक्टरांना विचारा.

रोझ बेंगॉल ही चाळणी आहे. तिच्यात सापडलेल्या जनावराचं एलायझासारख्या तपासणीने पक्कं करून घ्यायचं असतं. त्यासाठी नमुने पशुसंवर्धन खात्याच्या प्रयोगशाळेत जातात. पुण्याला औंधमध्ये खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पाठवण्याचं काम दवाखान्याचं. तुमचं काम एवढंच, की प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असावा आणि त्याचा बारा आकडी नंबर नळीवर नीट उतरलेला असावा. 'काळी, ढवळी, लंगडी' अशा खुणांनी नमुने गेले की रिपोर्ट आल्यावर कोणती काळी, यावर घरात वाद होतात. नंबर लिहिताना तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा.

आता यातली एक मेख, जी बऱ्याच जणांना सांगितलीच जात नाही. एकदा निगेटिव्ह आली म्हणजे गाय सुटली असं नाही. लागण ताजी असेल तर प्रतिद्रव्यं अजून तयार झालेली नसतात, आणि गाभडल्यावर किंवा व्याल्यावर पहिले दोन-तीन आठवडेही तपासणी चकवू शकते. तुमची दुसरी गाय नुकतीच गाभडली आहे, तिचा पहिला रिपोर्ट चांगला आला तरी तिला मोकळं सोडू नका. सगळ्या गोठ्याची तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करायची, आणि लागोपाठच्या तपासण्यांत कुणी सापडत नाही तोवर करत राहायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांत आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्यं असू शकतात, त्यांचा निकाल लगेच धरत नाहीत.

सापडल्या तर? सरकार गाय ओढून नेत नाही. काही देशांत सापडलेलं जनावर मारून भरपाई देतात, तशा रीतीने त्यांनी हा आजार संपवला. आपल्याकडे १९७६ चा पशुसंरक्षण कायदा आणि त्याची २०१५ ची दुरुस्ती आहे, गाय कापता येत नाही. म्हणजे ती तुमच्याकडेच राहणार. तिला औषध देऊन जंतू काढता येत नाही; तो पेशींच्या आत लपतो, आणि महागडी इंजेक्शनं देऊनही खात्री नसते. कुणी 'कोर्स करून बरी करतो' म्हणालं तर पैसे घालवू नका.

तिला वेगळ्या छपरात बांधा. वेगळी गव्हाण, वेगळी बादली, पाणी वेगळं. तिचं काम रोज सगळ्यात शेवटी करायचं आणि हात-पाय धुऊन बाहेर पडायचं. तिला पुन्हा भरवू नका. ती गाभण राहिली नाही तर वारेतून होणारा मोठा फैलाव थांबतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिचं दूध कॅनमध्ये ओतू नका, रतीबाला देऊ नका. हे सांगणं सोपं आहे आणि भाकड गाय पोसणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. पेंडीचा भाव काय झालाय आणि दहा दिवसांच्या पेमेंटमध्ये काय उरतं, हे तुम्ही मला सांगण्याची गरज नाही. तरीही एक गाय बाजूला बसवणं हे दर वर्षी तीन गाई गाभडण्यापेक्षा परवडतं.

आता बाजार दाखवण्याचं. ताई, हे होऊ देऊ नका. ती गाय घोटीच्या किंवा मालेगावच्या बाजारातून ज्याच्या दावणीला जाईल, त्याच्या घरीही कुणीतरी उघड्या हाताने वार काढणार आहे, कुणाची तरी गरोदर सून शेण काढणार आहे. तुमच्याकडे ती पहिलारू अशीच आली असण्याची शक्यता मोठी आहे. विकणाऱ्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. तुम्हाला आता संशय ठाऊक आहे. गोशाळेत सोडणं हाही उपाय नाही. न सांगता सोडली तर तिथल्या सगळ्या गाई धोक्यात. कायद्याचंही सांगतो. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांबाबतचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे आणि ब्रुसेल्ला त्याच्या यादीत आहे. संशय आला की मालकाने गावात कळवायचं, जनावर वेगळं बांधायचं, आणि आजारी असल्याचं माहीत असताना बाजारात न्यायचं नाही, असं त्यात म्हटलंय. पण सासऱ्यांशी बोलताना कायदा शेवटी काढा. आधी त्यांना त्यांच्या मुलाचा ताप दाखवा.

डेअरीची त्यांची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. एका घराचं नाव पुढे आलं की संकलन केंद्रावर कुजबूज होते. म्हणून एकट्याचं नाव पुढे येण्याआधी केंद्राच्या चेअरमनना घरी बोलवा, किंवा सासऱ्यांनीच जावं, आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना सोबत घेऊन म्हणावं की सगळ्या सभासदांच्या कॅनची एकदा रिंग टेस्ट होऊ द्या. वर्षभरात गावात आणखी कुणाच्या गाई गाभडल्या नसतील असं मला वाटत नाही. सगळे गप्प आहेत एवढंच. पाश्चरायझेशनमध्ये, ७२ अंशांवर पंधरा सेकंद, हा जंतू मरतो, त्यामुळे पिशवीचं दूध घेणाऱ्याला धोका नाही. धोका आहे तो गोठ्यात राबणाऱ्यांना आणि कच्चं दूध पिणाऱ्यांना, म्हणजे सभासदांच्याच घरांना. चेअरमननाही गाई असतील.

रतीबाच्या सहा घरांना आजच सांगा की दूध चांगली उकळी आणून घ्या. निकाल येईपर्यंत रतीब थांबवलात तर उत्तमच. मुलाचं धारोष्ण दूध बंद, आजोबांनी कितीही प्रेमाने दिलं तरी. कच्च्या दुधाचं दही-ताकही नको. शेळीचं दूध डेंग्यूत पेशी वाढवतं अशा समजुतीने शहरातून लोक मागायला येतात आणि कच्चंच पितात. सासूबाईंकडे कुणी आलं तर निकाल येईपर्यंत देऊ नका. उकळलेल्या दुधाची भीती मात्र बाळगू नका, चहात ते बिनधास्त घाला.

आणि ती पुढच्या महिन्यात व्यायची गाय. तिला आत्ताच वेगळं बांधा, विताना बाकीच्या गाई तिच्या आसपास नकोत. गाय विणार तिथे कोपरापर्यंतचे हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. गर्भजलाचा शिंतोडा डोळ्यात गेला तरी लागण होते. वार अडकली तर कुणीही ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवा. पडलेली वार आणि खालचं गवत उकिरड्यावर टाकायचं नाही. विहिरीपासून लांब कमरेइतका खड्डा, त्यात वार, वर चुना, वर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड. कुत्र्यांना त्या दिवशी बांधून ठेवा, वारेचा तुकडा ओढत ओढत तीच वस्तीभर नेतात. जागा आधी खरवडून, धुऊन मग चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाका. शेणावर पावडर टाकून उपयोग होत नाही. नंतर तिथे ऊन येऊ द्या. ओलसर सावलीत हा जंतू कित्येक आठवडे टिकतो, उन्हात लवकर मरतो. पहिल्या वेळी उकिरड्यावर टाकलेल्या वारेची जागाही अशीच करून घ्या आणि ते खत इतक्यात उपसू नका. गाय व्याली की चीक शेजारी वाटायची आपली रीत आहे, या खेपेला वाटू नका.

लसीचं. केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात, जो २०१९ मध्ये सुरू झाला, चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेल्लाची लस मोफत देतात, जन्मात एकदाच. तुमच्या पाच महिन्यांच्या वासरीचं वय बरोबर त्यात बसतं, तिला जरूर द्या. गोऱ्ह्याला देत नाहीत. तीन कालवडी आठ महिन्यांच्या पुढच्या असतील तर त्यांना या कार्यक्रमातली लस मिळणार नाही, आणि गाभण गाईला ती कधीच द्यायची नाही, तिनेच गर्भ पडू शकतो. स्ट्रेन १९ नावाची ही जिवंत लस आहे. टोचणाऱ्याला सुई लागली किंवा डोळ्यात उडाली तर त्यालाही आजार होऊ शकतो. ती डॉक्टरांनीच द्यावी, कुणाकडून बाटली आणून घरी टोचू नका. दिल्याची तारीख बिल्ल्याच्या नंबरासह कार्डावर लिहून घ्या, कारण पुढे काही महिने या लसीमुळेही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह दिसू शकते आणि कार्ड नसेल तर चांगली कालवड हकनाक आजारी ठरेल. शेळ्यांना या कार्यक्रमात लस नाही, त्यांच्यासाठी तपासणीच. पुढे नवी गाय घ्याल तेव्हा आधी तिचं रक्त तपासा, आणली की महिनाभर लांब बांधा, पुन्हा तपासा आणि मगच दावणीला घ्या.

दवाखान्यात डॉक्टर भेटले नाहीत तर १९६२ या नंबरला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तोच आहे. फोनवर 'गाय आजारी आहे' एवढंच सांगू नका. दोन गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या, एक पुढच्या महिन्यात व्यायची आहे, घरात माणूस तापाने आजारी आहे आणि अकरा गाई, तीन कालवडी, चार शेळ्या तपासायच्या आहेत, असं सांगा, म्हणजे ते नळ्या आणि बर्फाची पेटी घेऊनच येतील.